व्हिएतनाम आणि कंबोडिया: रस्त्याने निघण्याआधी

टूर कंपन्यांच्या जाहिरातींत ‘व्हिएतनाम-कंबोडिया’ हे आता सिंहगड-पानशेतसारखं जोडनाव झालं आहे. सात-आठ दिवस, दोन देश, मध्ये विमानांच्या उड्या. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून तिकडे जाणारे मराठी पर्यटक वाढले. त्यातले काही जण आता पॅकेज न घेता स्वतः आखणी करून, बसने सीमा ओलांडायचं म्हणतात. बेत उत्तम आहे. दोन्ही देशांतला फरक विमानातून कळत नाही, रस्त्याने जाताना कळतो. इकडे लॅटिन अक्षरांतल्या पाट्या, घरोघरी पूर्वजांचे देव्हारे, महायान पंथाचे पॅगोडे. काही तासांनी पलीकडे ब्राह्मीच्या कुळातली लिपी, थेरवादी विहार आणि भगव्या चिवरातले भिक्खू. मात्र या प्रवासाबद्दल आपल्याकडे बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत. काहींनी पैसे वाया जातात, काहींमुळे समोरचं दिसूनही कळत नाही.

‘शेजारी देश आहेत, व्हिसाचं काय एवढं!’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. दोन्ही देशांचे व्हिसा वेगवेगळे आहेत आणि खरी मेख व्हिएतनामच्या व्हिसात आहे. ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनाम ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतो. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरला, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलरला. आता नेहमीची आखणी पाहा: हनोई, मग हो ची मिन्ह सिटी, तिथून बसने नोम पेन्ह, पुढे सिएम रीप, आणि परतीचं विमान पुन्हा हो ची मिन्ह सिटीहून. म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा शिरायचं. २५ डॉलर वाचवायला एकदाच प्रवेशाचा व्हिसा काढला, तर व्हिएतनामबाहेर पडताक्षणी तो संपतो. अर्जात प्रवेशाचा नाकाही नमूद करावा लागतो, तेव्हा जिथून शिरणार तेच ठिकाण लिहा.

कंबोडियाचा पर्यटक व्हिसा ३० डॉलरला नाक्यावरच मिळतो. आधी ऑनलाइनही काढता येतो, पण तो ठरावीक नाक्यांवरच चालतो. हो ची मिन्ह सिटी-नोम पेन्ह हमरस्त्यावरचा बावेट हा नाका त्यात आहे. मेकाँगमधून बोटीने जाणार असाल, तर आधी खात्री करून घ्या.

थायलंडही जोडायचा विचार असेल तर थांबा. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सैन्यांत चकमकी झाल्या आणि त्यांच्यातले रस्त्यावरचे नाके बंद झाले. जुन्या प्रवासवर्णनांतला बँकॉक-पोइपेट मार्ग गृहीत धरू नका.

‘नाक्यावर लुबाडतात’

हो ची मिन्ह सिटी ते नोम पेन्ह अंतर सुमारे २३० किलोमीटर. नाक्यासकट सहा-सात तास धरा. व्हिएतनामच्या बाजूचा नाका मोक बाय, पलीकडचा बावेट. बस सुटल्यावर थोड्या वेळाने कंपनीचा माणूस सगळ्यांचे पासपोर्ट आणि डॉलर गोळा करतो. इथेच पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो पासपोर्टांची चळत मोक बायच्या दालनात खिडकीवर ठेवतो, शिक्के पडतात, मग एकेकाचं नाव पुकारून पासपोर्ट हातात देतो. पलीकडे बावेटला व्हिसा चिकटवतात, बोटांचे ठसे घेतात, आणि समोर कॅसिनोंच्या इमारती दिसू लागतात. ही तिथली रोजची पद्धत आहे. ३० डॉलरच्या वर तो चार-पाच डॉलर मागतो ती त्याच्या कामाची मजुरी. ती द्यायची नसेल तर नम्रपणे सांगून स्वतः खिडकीवर जाता येतं. मात्र पासपोर्ट परत मिळाला की दोन्ही शिक्के तिथल्या तिथे तपासा, बसमध्ये चढल्यावर नव्हे. डॉलरच्या नोटा कोऱ्या ठेवा. किंचित फाटलेली किंवा पेनाने खूण केलेली नोट कंबोडियात कुणी घेत नाही.

पुढे निआक लुआंगला मेकाँग आडवी येते. तिथे पूर्वी गाड्या तराफ्यावरून पार व्हायच्या, २०१५ मध्ये जपानच्या मदतीने पूल झाला. खिडकीची जागा मिळाली असेल तर या टप्प्यात झोपू नका.

‘अंगकोरला जगातलं सर्वांत मोठं हिंदू मंदिर आहे, म्हणजे तिथे हिंदू असणारच’

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडून निघणारे बहुतेक जण अंगकोरसाठीच निघतात. अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलं. पुढे ते बौद्ध झालं आणि आजही बौद्धच आहे. पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची विष्णुमूर्ती उभी आहे. तिच्या अंगावर भगवं वस्त्र असतं, पुढे उदबत्त्या जळत असतात. पण हात जोडणारी ख्मेर माणसं तिला ‘ता रिच’ या स्थानिक रक्षक देवतेच्या रूपात पूजतात. शेजारचं बायोन, ते शांत हसरे दगडी चेहरे, सातव्या जयवर्म्याचं म्हणजे बौद्ध राजाचं. दोन्ही एकाच फेरीत उरकली की सगळं एकच वाटतं. ती घाई टाळा.

अंगकोर वाटच्या पूर्व ओवरीत समुद्रमंथनाचा शिल्पपट आहे, जवळपास ४९ मीटर लांबीचा. मध्ये कासवावर विष्णू, वासुकीच्या तोंडाकडे असुर, शेपटीकडे देव आणि सर्वांत टोकाला वानर. वर अप्सरांच्या रांगा. खाली समुद्र आहे, आणि मंथनाच्या खांबाजवळ त्यातले मासे-मगरी घुसळणीत चिरडून तुकडे झालेले दाखवले आहेत. शिल्पकाराला घुसळणीचा जोर दाखवायचा होता आणि त्याने तो मंदराचलात न दाखवता माशांत दाखवला! पुढच्या ओवऱ्यांत कुरुक्षेत्र आणि लंकेचं युद्धही आहे. हे पट क्रमाने पाहायचे तर मंदिर डाव्या हाताला ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने चालावं लागतं. मंदिराचं तोंडही पश्चिमेला आहे. या दोन्हींचा संबंध अनेक अभ्यासक राजाच्या अंत्यसंस्काराशी जोडतात.

एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२. तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कधीही वापरता येतं, सलग जावं लागत नाही. तेच घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर वरच्या गाभाऱ्याकडे सोडत नाहीत.

मग पिढ्यान्‌पिढ्यांचे स्थानिक हिंदू कुठे आहेत? व्हिएतनाममध्ये. मध्य किनाऱ्यावर चंपा राज्य होतं. मी सन इथली त्यांची शिवमंदिरं चौथ्या ते तेराव्या शतकांत बांधली गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाला २०२० मध्ये तिथे एकाच दगडात घडवलेलं शिवलिंग सापडलं. आणि फान रांग परिसरात चाम समाजाचा एक भाग आजही आपल्या पद्धतीने शिवाची पूजा करतो. त्यांचा काते हा सण पो क्लोंग गाराई मंदिरात साधारण ऑक्टोबरच्या सुमारास असतो. कंबोडियातले चाम मात्र मुस्लिम आहेत. सीमेची रेघही सरळ समजू नका. मेकाँगच्या मुखाकडच्या च्रा विन्ह, सॉक च्रांग भागांत व्हिएतनामचे नागरिक असलेले ख्मेर लोक आणि त्यांचे विहार आहेत.

‘व्हिएतनामने शिवरायांच्या प्रेरणेने अमेरिकेला हरवलं’

हा संदेश प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी आलेला असतो. व्हिएतनामी राष्ट्राध्यक्षाने शिवाजी महाराजांचं नाव घेतलं, आपल्या समाधीवर ‘शिवरायांचा मावळा’ असं कोरायला सांगितलं, वगैरे. याला आधार ठरेल असा एकही अस्सल कागद पुढे आलेला नाही. हो ची मिन्ह यांचा देह हनोईच्या बा दिन्ह चौकात जतन केलेला आहे, तिथे असा काही मजकूर नाही. व्हिएतनामची गनिमी परंपरा त्यांच्या स्वतःच्या मातीतली आहे. बाख डांग नदीच्या पात्रात खुंट रोवून, ओहोटीला शत्रूची जहाजं त्यांवर अडकवून त्यांनी ९३८ मध्ये चिनी आणि १२८८ मध्ये मंगोल आरमार बुडवलं. चान हुंग दाव हे दुसऱ्या विजयाच्या सेनापतीचं नाव तिथल्या शहरोशहरी रस्त्यांना आहे. महाराजांच्या युद्धनीतीला कुणाच्या खोट्या प्रशस्तिपत्राची गरज नाही, आणि कू चीच्या भुयारांत उभं राहून यजमानांना त्यांचा इतिहास आपण शिकवणं शोभत नाही.

तसंच नोम पेन्हमध्ये ‘तुम्ही आणि व्हिएतनामी सारखेच’ हे वाक्य चुकूनही नको. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामच्या सैन्याने पोल पॉटची राजवट उलथली आणि ते १९८९ पर्यंत तिथे राहिलं. काही कंबोडियन याला सुटका मानतात, काही परकी ताबा. आपण ऐकावं.

हवा आणि जेवण

‘दिवाळीच्या सुट्टीत हवा छान असते’ हे अर्धंच खरं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा, म्हणजे ह्वे आणि होई आनचा, भर पावसाचा काळ आहे. होई आनच्या गल्ल्यांत तेव्हा पाणी शिरतं. उलट कंबोडियात पाऊस ओसरत असतो, तोन्ले साप सरोवर तुडुंब असतं आणि आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास नोम पेन्हला होड्यांच्या शर्यती लागतात. त्या दिवसांत राहण्याची सोय आधीच करा.

शाकाहाऱ्यांनी व्हिएतनाममध्ये ‘चाय’ अशी पाटी असलेली बौद्ध खानावळ शोधावी. चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला तिथे स्थानिकांचीच गर्दी असते. इतरत्र भाजीतही माशांचा रस असतो, कंबोडियात आंबवलेल्या माशांचा प्राहोक. स्पष्ट विचारा.

आठच दिवस हातात असतील, तर हनोई आणि हालाँग या खेपेला सोडा. हो ची मिन्ह सिटीत दोन दिवस, बसने नोम पेन्हला दोन दिवस, उरलेले सिएम रीपला, आणि परतीचं तिकीट जमल्यास तिथूनच काढा. उत्तर आणि मध्य व्हिएतनामला वेगळे दहा दिवस लागतात. ते पुढच्या वर्षी द्या.