कागदावर भेटलेली आई

१८४१ मध्ये एलिझाबेथ ब्राइट क्षयाने गेली, तेव्हा तिची लेक हेलन वर्षाचीही झाली नव्हती. पुढे नामवंत खासदार झालेले जॉन ब्राइट हे हेलनचे वडील. फोटो काढून घ्यायची रीत तेव्हा नुकती कुठे सुरू होत होती. हेलनला आई कळली ती नातलगांच्या आठवणींतून आणि घरात जपलेल्या पत्रांतून.

घर क्वेकरांचं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला हा ख्रिस्ती पंथ. पुरोहित नाही, मूर्ती नाही. सगळे मिळून शांत बसायचं, हीच प्रार्थना. भिंतीवर स्वतःची तसबीर लावणं म्हणजे मिरवणं. जुन्या पिढ्या फार तर काळ्या कागदातली छायाकृती चालवून घेत. मग माणूस मागे उरायचा तो अक्षरांत.

ती पत्रं वाचणं हीसुद्धा एक कलाच! महिन्यांची नावं परक्या देवांवरून पडलेली, म्हणून क्वेकर नुसता आकडा घालत. १७५२ पूर्वीच्या पत्रावर ‘तिसरा महिना’ दिसला, तर तो मार्च नव्हे, मे. इंग्लंडचं वर्ष तेव्हा मार्चमध्ये सुरू होई! १८४० पर्यंत टपालखर्च कागद मोजून आणि अंतर पाहून लागे. म्हणून पान भरलं की लोक तोच कागद आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा लिहीत. आज भिंग घेऊन बसलं की आधी नुसती जाळी दिसते. नजर सरावली की त्यातून घरातली आजारपणं, बाळंतपणं, लग्नाची बोलणी एकेक करून वर येतात.

१८६६ मध्ये हेलनने विल्यम क्लार्कशी लग्न केलं आणि ती सॉमरसेटमधल्या स्ट्रीट या गावी आली. क्लार्क म्हणजे तेच बुटांचे कारखानदार. १८६० च्या सुमारास पंथाने साध्या वेशाची सक्ती सैल केली होती, फोटोही घरात आले. क्वेकर आल्बममध्ये हा बदल डोळ्यांना दिसतो: आजीच्या डोक्यावर घट्ट बांधलेलं साधं बॉनेट, नातीच्या डोक्यावर चारचौघींसारखी हॅट.

जॉन ब्राइट यांचा स्त्रीमताधिकाराला विरोध. तरी १८८३ मध्ये लीड्सच्या परिषदेत हेलनने जाहीरपणे स्त्रियांची बाजू मांडली. तिच्या मुलीही तशाच. अ‍ॅलिसने सतराव्या शतकातल्या कष्टकरी स्त्रियांवर ग्रंथ लिहिला. तो १९१९ मध्ये निघाला आणि अजून वाचला जातो. मार्गारेटचा दक्षिण आफ्रिकेच्या जनरल स्मट्सशी पत्रव्यवहार होता, स्मट्स १९५० मध्ये जाईपर्यंत अखंड. गांधीजींनी तुरुंगात बनवलेल्या चपला ज्यांना भेट दिल्या, तेच हे स्मट्स.

मला सगळ्यांत ओढ लागते ती त्यांच्याच बहिणीच्या, डॉक्टर हिल्डाच्या पत्रांची. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात मुलं उपाशी होती. हिल्डा आणि तिच्या क्वेकर सहकाऱ्यांनी परदेशातून गाई विकत आणल्या, आसपासच्या शेतकऱ्यांना दिल्या आणि किंमत घेतली ती दुधात. ते दूध बाळांना जाई. तिची त्या वर्षांतली पत्रं मैत्रीण ईडिथ पाय हिने १९५६ मध्ये छापली. घराण्याचे बरेच कागद आजही स्ट्रीटमध्येच, आल्फ्रेड जिलेट ट्रस्टकडे जपलेले आहेत.