घरून काम : सोय मोजक्यांची, दुरावा अनेकांचा

नवी दिल्ली : घरून काम करण्याच्या पद्धतीमुळे नोकरदारांचा प्रवासाचा वेळ आणि खर्च वाचला, कुटुंबासाठी सवड मिळाली. मात्र ही सोय समाजातील एका मर्यादित वर्गापुरतीच राहिली असून, कार्यालयाच्या निमित्ताने विविध स्तरांतील माणसांचा रोज येणारा संबंधही तिच्यामुळे विरळ झाला आहे.

अर्थतज्ज्ञ जोनाथन डिंगेल आणि ब्रेंट नायमन यांनी २०२० मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेतील ३७ टक्के नोकऱ्या पूर्णपणे घरून करता येण्याजोग्या होत्या. एकूण वेतनात मात्र त्यांचा वाटा ४६ टक्के होता. अर्थात, ही मुभा प्रामुख्याने अधिक पगाराच्या नोकऱ्यांना मिळते. कमी उत्पन्नाच्या देशांत अशा नोकऱ्यांचे प्रमाण आणखी कमी आहे. भारतात २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार नियमित पगारी कामगार सुमारे २२ टक्केच आहेत. त्यांतही परिचारिका, बसचालक किंवा कारखान्यातील कामगार यांना प्रत्यक्ष कामावर जावेच लागते.

कार्यालय बंद झाले की केवळ संगणक घरी जात नाही. त्याभोवतीचा रोजगारही थांबतो. मुंबईत महासाथीपूर्वी सुमारे ५ हजार डबेवाले रोज सुमारे २ लाख डबे पोहोचवत असत. मार्च २०२० मध्ये कार्यालये आणि लोकलसेवा बंद होताच हे काम ठप्प झाले. चहाची टपरी, उपाहारगृह, रिक्षा यांवर पोट असणाऱ्यांचीही हीच गत झाली.

शासनाच्या उपायांतही हा फरक दिसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने नियम शिथिल करून माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील घरून कामाचा मार्ग सुकर केला. पथविक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम स्वनिधी’ योजनेत सुरुवातीला १० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळाले. कर्जाने भांडवल उभे राहिले, तरी घरी बसलेले गिऱ्हाईक त्याने परत येत नाही.

तुटलेल्या ओळखींचे नुकसान पैशांत मोजणे कठीण आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, नोकरीची माहिती अनेकदा निकटच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळते. शिपायाच्या मुलाने कोणत्या परीक्षेला बसावे, हे जाता-येता सांगणारा अधिकारी ही अशीच ओळख. आता दारात पार्सल देणाऱ्याशी होणारी भेट काही क्षणांत संपते.

घरून काम करणारेही या तोट्यातून सुटलेले नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संवादाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरस्थ कामामुळे विविध गटांमधील संपर्क घटून कर्मचारी आपापल्या गटापुरते सीमित झाल्याचे त्यात आढळले. याची झळ नवख्यांना अधिक बसते, कारण ज्येष्ठांच्या शेजारी बसून शिकण्याची संधी त्यांना मिळत नाही.

काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून काम, हा मधला मार्ग आता रुळला आहे. मात्र त्याचे वेळापत्रक ठरवताना केवळ कायम कर्मचाऱ्यांचा विचार होतो. सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि उपाहारगृहातील कंत्राटी कामगार यांच्या रोजगाराचाही त्यात विचार झाल्याशिवाय या सोयीची किंमत त्यांनाच मोजावी लागेल.