घरच्या स्टुडिओसाठी कॉम्प्युटर घेताय? आधी काम ठरवा

उस्मानपुऱ्यात घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंगचा व्यवसाय सुरू करायचाय आणि हातात 80 हजार रुपये आहेत, असं समजा. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “सर, कॉम्प्युटर कोणता घेऊ?” मी उलट विचारतो, विकणार काय आहात?

संत एकनाथ रंगमंदिर उस्मानपुऱ्यातच आहे, म्हणजे नाटक-गाण्याची मंडळी या भागात येतातच. जयंतीची भीमगीतं, गणेश मंडळांची गाणी, दुकानाची जाहिरात, रिक्षावरची अनाउन्समेंट अशी कामं इथे मिळू शकतात. यातल्या बऱ्याच कामांत तयार ट्रॅकवर फक्त आवाज घ्यायचा असतो, आणि त्याला फार मोठं मशीन लागतच नाही. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटला एका माइकचं एक मिनिट सुमारे 8.6 एमबी भरतं. चार मिनिटांचं, 20 ट्रॅकचं गाणं घेतलं तरी 700 एमबीच्या आत. त्यामुळे 512 जीबीची एसएसडी आणि 16 जीबी रॅम सुरुवातीला पुरते. बॅकअपसाठी बाहेरची एक हार्ड डिस्क मात्र हवीच.

ढोलकी, तबला, व्हायोलिन सगळं कॉम्प्युटरमध्येच वाजवून अख्खं गाणं बांधणार असाल, तर गोष्ट वेगळी. वाद्यांचे सॅम्पल रॅममध्ये चढतात, तिथे 32 जीबी लागू शकते. म्हणून रॅम नंतर वाढवता येते का, हे खरेदीआधीच विचारा. मॅकबुकमध्ये ती वाढवता येत नाही.

आता गायकाची अडचण. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला की गायक ताल सोडतो. बफर 1024 ठेवला तर 48 किलोहर्ट्झला एका बाजूचाच उशीर 21 मिलिसेकंद होतो, जाऊन-येऊन 40 च्या वर. 128 ला तोच एका बाजूचा उशीर 3 मिलिसेकंदांपेक्षा कमी, पण प्रोसेसरवर ताण येतो आणि कमजोर मशीन कटकट आवाज करतं. यावर स्वस्त उपाय आहे. डायरेक्ट मॉनिटरिंग असलेला ऑडिओ इंटरफेस घ्या. आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये जातो, मग साधा लॅपटॉपही चालतो.

दुकानदार गेमिंग मशीन पुढे करेल. ग्राफिक कार्डाचा गाण्याला जवळपास काही उपयोग नाही, त्याच्या फॅनचा आवाज मात्र माइकमध्ये जातो! आपल्याकडचा उन्हाळा तर माहितीच आहे. भीमगीतांची घाई 14 एप्रिलच्या आधी, म्हणजे ऊन तापलेलं असताना, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीतला पंखा बंद. अशा वेळी लॅपटॉप तापतो, त्याचा फॅन घोंगावतो आणि वेगही उतरतो. मॅकबुक एअरला (एम1 पासून पुढच्या) फॅनच नाही आणि गॅरेजबँड फुकट मिळतं, म्हणून बजेट जमत असेल तर विचार करण्यासारखं मशीन आहे. विंडोज डेस्कटॉप घेतलात तर कॅबिनेट माइकपासून लांब ठेवा आणि यूपीएसचा खर्च धरा. लाइट गेली की चांगला टेक गेलाच म्हणून समजा.

सेकंडहँड ऑफिस लॅपटॉपला नावं ठेवू नका. फक्त इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या खालचा नको. त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. सॉफ्टवेअरसाठी रीपर बघा, 60 दिवस वापरून मगच पैसे भरायचे. क्रॅक सॉफ्टवेअरवर ग्राहकाचं काम घेणं म्हणजे स्वतःहून डोकेदुखी आणणं.

माझ्या मते 80 हजारांतले निम्म्याहून जास्त कॉम्प्युटरवर घालू नका. माइक, इंटरफेस, हेडफोन आणि भिंतींना जाड गोधड्या-पडदे यांचाही हिशोब आहे. पैसे कमी पडत असतील तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं. बिल व्यवसायाच्या नावाने घ्या.

आणि दुकानात जाताना इंटरफेस, हेडफोन सोबत न्या. लेटन्सीमॉन हे फुकटचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवून बघा. लाल पट्टी दिसली तर दुकानदाराला म्हणा, दुसरं मशीन दाखवा.