हजेरीपट आणि पंगत

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत जात कोठे राहते असे कोणी विचारले, तर तिचा अधिकृत मुक्काम बोट ठेवून दाखविता येतो. मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कापडी बस्त्यात बांधून ठेवलेले दाखल-खारीज रजिस्टर हा तो मुक्काम होय. मुलाचे नाव, आईवडिलांची नावे, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, अशा रकान्यांच्या रांगेत धर्म आणि जात यांचाही रकाना असतो. आणि तो भरताना लेखणी घसरली, उपजात राहून गेली किंवा एखादी वेलांटी चुकली, तर त्या चुकीची फेड त्या मुलाला वीस वर्षांनी, तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहून करावी लागते. म्हणूनच जळकोट तालुक्यातील ज्या शाळेत मी जाऊन बसत असे, तेथील मुख्याध्यापिकाबाई इतर सर्व कागद मुलांच्या गलबल्यात, चालता चालता लिहीत. हे रजिस्टर मात्र शाळा सुटल्यावर, दार लोटून घेऊन, पालकाला समोर बसवून, प्रत्येक शब्द दोनदा विचारूनच लिहीत असत.

या रकान्याची महती शाळेबाहेरच्या माणसाला सहसा उमगत नाही. जातीच्या दाखल्यासाठी पुरावा मागितला जातो तो ठरावीक तारखांपूर्वीचा: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. ज्या कुटुंबाजवळ सातबारा नाही, खरेदीखत नाही, ज्याच्या पूर्वजाने कधी कचेरीची पायरी चढलेली नाही, अशा कुटुंबाच्या हाती आजोबांच्या शाळेतील याच रजिस्टराचा उतारा, म्हणजे निर्गम उतारा, हाच काय तो एकमेव कागद उरतो. आणि ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांच्या हाती तोही नसतो. मराठवाड्यात या प्रकाराला आणखी एक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे जुनी दप्तरे कोठे उर्दूत, कोठे मोडीत आहेत. आणि २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली गेली, तेव्हा महसुलाच्या कागदांबरोबर शाळांची ही धूळ खात पडलेली रजिस्टरेही उघडली गेली. सरहद्दीची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. जळकोटच्या बालाघाटी टेकड्यांवर वसलेल्या तांड्यांतील बंजारा मूल महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडते, आणि त्याच्या आतेभावाचे घर पूर्वेकडे तेलंगणात असेल, तर तो मात्र अनुसूचित जमातीचा ठरतो. एका आजीची दोन नातवंडे, एकाच बोलीत भांडणारी, पण दोन शाळांच्या दोन रकान्यांत.

जी लेखणी मुलाची जात इतक्या काळजीने कागदावर उतरवते, तिच्या धन्याने दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन ती जात आपल्याला ठाऊकच नाही अशा रीतीने वागावयाचे असते. प्राथमिक शाळेतील समतेचे सारे काम मला या दोन कर्तव्यांच्या ओढाताणीत दिसले. भिंतीवर रंगविलेली उद्देशिका आणि परिपाठात म्हटली जाणारी प्रतिज्ञा यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु प्रतिज्ञा मुलांनी म्हणावयाची असते आणि व्यवस्था शिक्षकाने लावावयाची असते, आणि मूल शिकते ते बहुधा व्यवस्थेपासून. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने पाणी ओतल्याखेरीज तहान भागविता येत नसे. तेथेही पाठ्यपुस्तकात सत्य, दया, परोपकार यांचे धडे असणारच. उलट, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला, तो बैठकीच्या व्यवस्थेविषयीचा हुकूम होता, उपदेश नव्हता.

हजेरीचेच घ्या. कित्येक शाळांत पटावर आधी मुलगे आणि मग मुली लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो कोणी घातला हे विचारण्याचेही कोणाच्या मनात येत नाही. जळकोटच्या या मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या वर्गाची यादी अकारविल्हे एकत्र केली आहे. त्याहून सूक्ष्म बाब अशी की, बाई कोणालाच आडनावाने हाक मारीत नाहीत. या भागात आडनाव ऐकताच गल्ली कळते, आणि गल्ली कळली की पुढचे सारे कळते. शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तरी माणसांच्या जिभेवरची नावे शासन निर्णयाने पुसली जात नाहीत. एका नावाची दोन मुले वर्गात असली, तर बाई नावाला आईचे नाव जोडतात. प्रथम मुले हसली, मग एका मुलाने आईचे नाव सांगण्यास आढेवेढे घेतले, आणि महिनाभरात मुले एकमेकांना खेळातही त्याच जोडनावांनी हाका मारू लागली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येऊ लागले आहे. ही मुले शाळेच्या दारात येतील तेव्हा या वर्गाला त्यात नवल वाटणार नाही.

रजिस्टरातली जात वर्गात झिरपते ती शिष्यवृत्तीच्या वाटेने. 'अमक्या प्रवर्गाची मुले उभी राहा' हे वाक्य माझ्या पिढीने शाळेत किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. उच्चारणाऱ्या गुरुजींच्या मनात द्वेषाचा लवलेशही नसे, वरून मागविलेली माहिती दुपारपर्यंत पोचती करावयाची घाई तेवढी असे. पण उभे राहिलेले मूल पुढे सबंध वर्षभर वर्गाच्या नजरेत उभेच राही. गणवेशाचेही तेच. सर्व मुली आणि काही ठरावीक प्रवर्गांतील मुलगे यांनाच तो सरकारातून मिळे, तोवर नवा कोरा सदरा हीच जातीची खूण ठरे. २०२३ पासून तो सर्वांना देण्याचे ठरले, तेव्हा ही खूण बुजली. बाई शिष्यवृत्तीची कागदपत्रे मुलांकडून मागवीत नाहीत. संध्याकाळी वस्तीवर, तांड्यावर स्वतः जातात, नाही तर पालकांना बोलावून घेतात. वेळ मोडतो, पेट्रोल पदरचे जाते, आणि केंद्रप्रमुखांच्या लेखी ते काम 'माहिती विलंबाने सादर' एवढेच असते.

पंगतीची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे जात ही जितकी लग्नात, तितकीच ताटात जपली गेली आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दर दिवशी शंभर ग्रॅम तांदूळ, त्यावर डाळ आणि भाजी, असे शालेय पोषण आहाराचे प्रमाण आहे. आणि ही खिचडी शिजू लागल्यापासून, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला त्यानंतर, खेड्यातील सर्व जातींची मुले रोज एका रांगेत बसून एका पातेल्यातले जेवू लागली. घटना केवढी मोठी, आणि घडली किती मुकाट्याने! तथापि 'एका रांगेत' हे शब्द मी सैलपणे वापरले. मुलांना मोकळे सोडले की रांग आपोआप गल्लीवार लागते, हे मी पाहिले आहे. त्यात दुष्टावा नसतो, शेजारी शेजाऱ्याजवळ बसतो एवढेच. बाईंची युक्ती साधी आहे. मुले हात धुऊन ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने बसतील, जागा धरून ठेवावयाची नाही. नळ एकच असल्यामुळे तेथे जी झुंबड उडते, ती जात, भाषा, मुलगा, मुलगी यांची अशी काही सरमिसळ करून टाकते की, ती कोणत्याही समितीला ठराव करून साधली नसती.

वाढप्यांचीही पाळी असते. पाचवीचे दोन मुलगे आणि दोन मुली रोज बदलतात. खरकटे काढणे आणि जागा झाडणे हे त्याच चौघांकडे. झाडू मुलीकडे आणि वाढणे मुलाकडे, असे होऊ लागले की बाई काही बोलत नाहीत, फक्त जवळ जाऊन हातातल्या वस्तूंची अदलाबदल करतात. एका मुलाची आजी एकदा तक्रार घेऊन आली, 'माझं लेकरू झाडायला धाडलं नाही म्याडम, शिकायला धाडलंय.' बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि पाळीचा तक्ता दाखविला. त्यात बाईंचेही नाव होते. आजीला तो वाचता येईना. नातवाने तो तिला वाचून दाखविला, आणि त्या वाचनात तक्रारीचा निम्मा जोर ओसरला.

आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळे देण्याचे २०२३ च्या अखेरीस ठरले, तेव्हा मात्र गुंता झाला. घरी माळकरी असलेली, लिंगायत घरांतील, अशी काही मुले केळे घेत, बाकीची अंडे. शाळाशाळांतून, सोयीसाठी म्हणून, लगेच दोन रांगा लागल्या, आणि सोयीने लागलेल्या रांगेचे सोवळे व्हावयास फार दिवस लागत नाहीत. येथे बाईंनी दोन्ही वस्तू एकाच परातीत ठेवून ती परात पंगतीतून फिरविली. ज्याला जे हवे ते त्याने उचलावे. मुलांनी चार दिवस एकमेकांच्या ताटात डोकावून पाहिले, एकदोघांनी घरी न सांगता अंडे खाल्लेही, त्यावरून थोडी बोलणी झाली. पुढे अंड्यांचा निधीच आटला आणि प्रश्न आपोआप मिटला. अशा रीतीने मिटलेल्या प्रश्नाचा मला मुळीच आनंद झाला नाही.

भाषेच्या बाबतीत बाईंनी एक गोष्ट ओळखली होती, आणि ती म्हणजे पहिलीत गप्प बसणारे मूल मंद असते असे नव्हे. तांड्यावरील मूल घरी गोरबोली बोलते, खाटीक गल्लीतले दखनी बोलते. गावची मराठीही पुस्तकातल्या मराठीहून बरीच वेगळी. चित्रातल्या भाकरीवर बोट ठेवून 'हे काय?' असे विचारल्यावर एक मुलगी 'बाटी' म्हणाली आणि मागून हशा झाला. बाईंनी फळ्यावर 'भाकरी' लिहिले, त्याशेजारी 'बाटी' लिहिले, आणि हसणाऱ्यांना दोन्ही शब्द वाचावयास सांगितले. तेवढेच. व्याख्यान झाले नाही.

शाळेच्या दाराशी बांधलेल्या उतरणीविषयी दोनच वाक्ये लिहितो. अपंग मुलांसाठी शाळांना उतरणी बांधल्या गेल्या, पण एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते हा नियम नकाशातच राहिल्यामुळे कित्येक ठिकाणी ती घसरगुंडी म्हणून धडधाकट मुलांच्याच उपयोगी पडते. या शाळेत कुबड्या घेऊन येणारा एक मुलगा तिसरीत गेला, तेव्हा बाईंनी तिसरीचा वर्गच पायऱ्या नसलेल्या खोलीत हलविला.

दसरा जवळ आला की शाळेचा सूर बदलतो. सोयाबीन निघाले, तुरी उभ्या आहेत, आणि मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिमेकडच्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी निघण्याच्या बेतात असतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मूल हिशेबात नसते, पण कोपीवर पाणी भरायला, वाढे बांधायला आणि तान्ह्याला सांभाळायला ते लागते. पटावरची ही मुले चैत्रापर्यंत नाहीशी होतात, आणि परततात तेव्हा वाचता येणारे अक्षरही विसरून आलेली असतात. यांचे नाव खारीज करावयाचे नाही, त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसवावयाचे, आणि शक्य तर आजी-आजोबांजवळ ठेवून हंगामी वसतिगृहातून दोन वेळचे जेवण द्यावयाचे, अशी योजना आहे. योजना चांगली आहे. परंतु मंजुरीचा कागद टोळी निघण्याआधी यावा लागतो; तो दिवाळीनंतर आला, तर जेवण कोणाला वाढावे हा प्रश्न उरतो.

म्हणून बाई भाद्रपदातच घरोघर फिरून यादी करतात. राहणारी मुले एका बाजूला, जाणारी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक कोरा रकाना, ज्यात त्या पेन्सिलीनेच लिहितात. ही यादी मी वाचीत बसलो असताना माझ्या ध्यानात आले की, राहणाऱ्यांत मुलगे अधिक आहेत आणि जाणाऱ्यांत मुली. विचारले, तर बाई म्हणाल्या, 'दर वर्षी असंच असतं. पोराला शिकवायला ठेवतात, पोरीला कामाला नेतात, आणि दोन्ही लेकरांवर माया सारखीच असते.'

एका तांड्यावर मी त्यांच्याबरोबर होतो. बाप अंगणात बैलगाडीच्या चाकाला वंगण देत होता. मुलगा दुसरीत, मुलगी चौथीत, तिच्या कडेवर दीड वर्षाचे भावंड. ही मुलगी त्या भावंडाला घेऊनच शाळेत येई, आणि बाई तिला तशीच वर्गात बसू देत. पोर रडले की व्हरांड्यात फिरवून आण, पण घरी जाऊ नकोस, असा त्यांचा शिरस्ता होता. बापाने मुलाला ठेवण्याची तयारी दाखविली. बाई म्हणाल्या, ठेवायचे तर दोघांना ठेवा.

'पोरगी संगं न्यावीच लागती म्याडम, ह्याला कोण बघंल?'

'त्यालाही ठेवा. अंगणवाडी शाळेच्या भिंतीला लागून आहे, रात्री आजी आहे.'

आजीने दारातूनच सांगून टाकले की, तिघांना मी सांभाळीन, पण सांजच्याला रांधणे माझ्याने होणार नाही. बाईंनी वसतिगृहाच्या जेवणाचे सांगितले. मंजुरी आली का, असे बापाने नेमके विचारले, आणि बाईंना नाही म्हणावे लागले. त्याने हाताचे वंगण चिंधीला पुसले, बायको रानातून आली की तिला विचारून सांगतो म्हणाला. बाईंनी पेन्सिलीने मधल्या रकान्यात तिन्ही नावे लिहिली. टोळी सोमवारी निघणार होती.