दुखऱ्या घशापासून हृदयाच्या झडपेपर्यंत

घसा दुखतो म्हणून एखादा मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही, तर हजेरीपटात तशी नोंद होते आणि विषय तिथेच संपतो. बहुतेक वेळा तो खरोखरच संपलेला असतो. पण काही मुलांच्या बाबतीत या दुखऱ्या घशाची अखेर दहा-पंधरा वर्षांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेत होते. हा प्रवास कसा घडतो आणि वाटेत तो कुठे अडवता येतो, ते आपण पाहू. आजाराची सुरुवात मुख्यतः ५ ते १५ या वयात होते. म्हणजे त्याच्या पहिल्या खुणा डॉक्टरांच्या आधी शिक्षकांच्या नजरेस पडू शकतात.

झडप करते काय?

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेल्या कौंडण्यपूरसारख्या गावातील मुलांना झडप समजावून देण्यासाठी पुस्तकातील आकृती लागत नाही. नदीतून किंवा विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पंपाच्या नळीच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही. त्याचे रबर झिजले की पाणी परत गळते. कचरा अडकून तो पुरता उघडला नाही, तर पंप जोरात चालूनही धार बारीकच येते. हृदयाच्या झडपेतही हेच दोन बिघाड होतात: ती गळते किंवा अरुंद होते. कधी कधी दोन्ही एकदमच.

हृदयात अशा चार झडपा आहेत. दिवसाला सुमारे १ लाख वेळा त्या उघडतात व मिटतात. ‘लब्-डब्’ हा आवाज येतो तो त्या मिटताना. १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून हा आवाज ऐकला आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. जाड कागदाची सुरळी करून हा प्रयोग वर्गातही करता येईल. झडप बिघडली की या दोन आवाजांच्या मध्ये फुसफुस ऐकू येते. नळीचे तोंड बोटाने दाबल्यावर पाण्याचा आवाज बदलतो, तसाच हा प्रकार. डॉक्टर त्याला मर्मर म्हणतात.

घशाचा हृदयाशी संबंध काय?

घसा दुखण्याची बहुतेक कारणे विषाणूंची असतात आणि त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. पण काही वेळा कारण असते ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू. त्याच्याशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. या जिवाणूच्या अंगावरील काही प्रथिने आपल्या हृदयातील प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. त्यामुळे काही मुलांची प्रतिकारयंत्रणा फसते आणि जिवाणू नाहीसा झाल्यावरही स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते. घसा बरा झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. हाच ऱ्हुमॅटिक ताप किंवा संधिज्वर.

आज गुडघा, परवा घोटा, मग कोपर असे दुखणे फिरत राहते आणि काही आठवड्यांत थांबते. सांधे पूर्ववत होतात, घरचे निर्धास्त होतात. झडपांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांना आलेली सूज ओसरताना व्रण मागे ठेवते. पुन्हा घसा, पुन्हा ताप, पुन्हा व्रण असे होत झडपेची पाती जाड होतात आणि कडेने एकमेकांना चिकटतात.

या तापाची आणखी एक खूण शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. हातातली वस्तू पडते, अक्षर अचानक बिघडते, कारण नसताना रडू येते. याला सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. अशा मुलीला वेंधळी म्हणून शिक्षा होण्याचा संभव असतो. तिला गरज असते ती डॉक्टरांची.

झडप अरुंद झाल्यावर

सर्वांत जास्त मार बसतो तो डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत रक्त सोडणाऱ्या द्विदल झडपेला. प्रौढ माणसात ती उघडली म्हणजे ४ ते ६ चौरस सेंटिमीटर वाट मिळते. ही वाट दीड चौरस सेंटिमीटरवर आली की रक्त मागे तुंबते. आधी कर्णिका फुगते, मग फुप्फुसांत दाब वाढतो. चढ चढताना धाप लागते, रात्री खोकला येतो. याला दमा समजून वर्षानुवर्षे औषध घेणारे रुग्णही असतात.

फुगलेल्या कर्णिकेचे ठोके अनियमित होतात. तिच्यात रक्त साकळते आणि ती गुठळी मेंदूत गेली तर ऐन तारुण्यात पक्षाघात होतो. खराब झडपेवर जंतूंची वाढही लवकर होते. म्हणून अशा रुग्णांनी दात-हिरड्यांची काळजी घ्यायला हवी. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, तेव्हा अरुंद झडपेला हा लोंढा पेलत नाही. शाळेत असताना ज्या मुलीचा आजार ओळखला गेला नाही, तिचा तो पहिल्या बाळंतपणात उघडा पडतो, आणि त्या वेळी दोन जीव धोक्यात असतात.

झडपा जन्मतः सदोष असतात किंवा म्हातारपणी कॅल्शियम साठून कडकही होतात. पण ते आजार आपल्याला टाळता येत नाहीत, हा येतो.

एकवीस दिवसांचे गणित

१९४८ साली अमेरिकेत बेली आणि हार्कन या शल्यविशारदांनी धडधडत्या हृदयातील चिकटलेली झडप मोकळी करून दाखवली. पुढे जपानच्या इनोउए यांनी शिरेतून फुगा नेऊन तेच काम छाती न उघडता केले. झडप अगदीच निकामी असेल तर ती बदलतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेली भारतीय झडप १९९० साली प्रथम बसवली गेली. पण धातूची झडप बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्ताची नियमित तपासणी जन्मभर मागे लागते.

त्यामानाने वाटेत अडवणे सोपे आहे. स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले, तर संधिज्वर टळतो. तो एकदा येऊन गेला असेल, तर पुन्हा येऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन, वर्षाला सुमारे १७, द्यावे लागते. हृदयाला इजा नसेल तर किमान पाच वर्षे, असेल तर किमान दहा. काहींना त्याहूनही पुढे. युगांडात झडपेत सुरुवातीचा दोष असलेल्या ८१८ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा दोष वाढला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा.

अडचण आहे ती सातत्याची. मूल तर ठणठणीत दिसते. इंजेक्शन दुखते. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार? अशाच एका चुकलेल्या तारखेनंतर ताप परत येतो.

शाळा काय करू शकते?

नुसत्या स्टेथोस्कोपवर विसंबून चालत नाही. हरियाणातील बल्लभगड भागात ६,२७० शाळकरी मुले तपासली, तेव्हा स्टेथोस्कोपने हजारी एकाहून कमी, तर इकोने हजारी २० मुलांत झडपांचा दोष आढळला (२०११). निदान करणे शिक्षकांचे काम नाही, वेळेवर पाठवणे मात्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येते आणि तपासणीच्या आजारांच्या यादीत हा आजारही आहे. पथक आले की फिरती सांधेदुखी, खेळताना लागणारी धाप, अचानक बिघडलेले अक्षर असलेल्या मुलांची नावे आपणहून पुढे करावीत. पथक यायला अवकाश असेल तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

आणि वर्गात इंजेक्शन चालू असलेले मूल असेल, तर त्याच्या तारखा पालकांच्या संमतीने आपल्या डायरीत लिहून ठेवाव्यात. पेनिसिलिन आरोग्य केंद्र देईल, बाविसाव्या दिवशी “काल जाऊन आलास का रे?” एवढे विचारायला मात्र आपणच हवेत.