पेमेंट ‘पेंडिंग’ दाखवतंय? दुसऱ्यांदा पैसे मागण्याआधी हे वाचा

सोमवार, बेल्ह्याचा बाजार, दुकानात गर्दी. गिऱ्हाईक म्हणतं, “माझ्या खात्यातून साडेआठशे गेले.” तुमचा साउंडबॉक्स मात्र गप्प. खोटं कोण बोलतंय? बऱ्याचदा कुणीच नाही. कसं, ते बघू.

यूपीआयचं एक पेमेंट म्हणजे दोन बँकांच्या वह्यांतल्या दोन नोंदी. गिऱ्हाइकाच्या बँकेत नावे, तुमच्या बँकेत जमा. मध्ये निरोप नेणारी एनपीसीआय. नियम एकच: दोन्ही नोंदी व्हायच्या, नाहीतर एकही नाही. अडचण अशी की नोंद झाली तरी “झाली” हा निरोप वाटेत अडकू शकतो.

बैलबाजारातला दलाल आठवा. तो घेणाऱ्याला विचारतो, पैसे तयार? विकणाऱ्याला विचारतो, बैल देणार? दोघंही हो म्हणाले की सौदा पक्का. संगणकात याला ‘टू-फेज कमिट’ म्हणतात. पण होकार घेऊन दलालच गायब झाला तर? पैसेही अडकले, बैलही अडकला. २००६ साली जिम ग्रे आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी यावर उपाय मांडला. थोडक्यात असा: नोंद एकाकडे न ठेवता तिघांकडे ठेवा, त्यातल्या दोघांकडे जुळेल तो निकाल धरा. मग एक जण गेला तरी सौदा अडत नाही.

यूपीआयची पद्धत थोडी वेगळी आहे. आधी पैसे कापले जातात, मग जमा होतात. जमा झालेच नाहीत हे नक्की कळलं की उलट नोंद करून परत जातात. नक्की कळेपर्यंत ‘पेंडिंग’. म्हणजे पेंडिंग हे ‘फेल’ नव्हे. चौकशी त्याच व्यवहाराच्या क्रमांकावर होते, म्हणून तेच पेमेंट दोनदा धरलं जात नाही. तुम्ही पुन्हा स्कॅन करायला लावलंत की मात्र नवा क्रमांक, नवं पेमेंट!

मग करायचं काय?

१. गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट नको, स्वतःचं खातं तपासा.

२. १२ अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ वहीत लिहा.

३. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर रक्कम उधारीत मांडा. अनोळखी असेल तर रोख घ्या. नंतर दोन्ही आले, तर नोंद बघून एक परत करा.

४. रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा नियम गिऱ्हाइकाला सांगा. पैसे कापले गेले पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

गल्ल्याशेजारी आजच एक ‘पेंडिंग वही’ ठेवा. दर संध्याकाळी ती खात्याशी जुळवा. जमा झालं की खूण करा, पैसे परत गेले असतील तर गिऱ्हाइकाला फोन करा.