लांबट चेंडूचा खेळ (भाग ९) : पहिला नंबर कुणाचा?

२०२४च्या हंगामात अमेरिकन फुटबॉलमधला सर्वांत चांगला खेळाडू कोण, या सरळ प्रश्नाला तीन उत्तरं आहेत : जॉश अ‍ॅलन, लमार जॅक्सन आणि सेक्वॉन बार्कली. तिन्ही उत्तरं जाणत्या लोकांनी दिलेली आहेत. त्यांतली पहिली दोन तर त्याच पन्नास जणांची आहेत.

हे पन्नास जण म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने निवडलेले पत्रकार आणि समालोचक. साखळी सामने संपले, की बाद फेरीचा निकाल लागायच्या आत ते आपली मतं देतात. एका मतपत्रिकेवर प्रश्न असतो, ‘एमव्हीपी’ कोण, म्हणजे संघासाठी सर्वांत मोलाचा खेळाडू कोण? दुसऱ्या मतपत्रिकेवर प्रत्येक जागेसाठी हंगामातला सर्वोत्तम खेळाडू निवडून कागदावरचा एक संघ बांधायचा असतो. त्याला ‘ऑल-प्रो’ म्हणतात. तो संघ मैदानात कधीच उतरत नाही, पण त्यात नाव आलं की माणूस जन्मभर मिरवतो.

एमव्हीपीसाठी २०२२पासून पाच नावं क्रमाने लिहायची पद्धत आहे. पहिल्याला १० गुण, मग ५, ३, २ आणि १. त्याआधी प्रत्येकाने एकच नाव लिहायचं असे. २०२४च्या हंगामात बफेलो बिल्सच्या अ‍ॅलनला ३८३ गुण मिळाले, बाल्टिमोर रेव्हन्सच्या जॅक्सनला ३६२. अ‍ॅलनला पहिल्या क्रमांकाची २७ मतं होती, जॅक्सनला २३. आता इथे कागद-पेन्सिल घ्या, कारण एवढ्या आकड्यांवरून गुप्त मतपत्रिका जवळजवळ उलगडता येतात. अ‍ॅलनचे २७ दाहे २७० झाले. उरले ११३ गुण आणि २३ मतपत्रिका. यांचा मेळ एकाच प्रकारे बसतो : २२ जणांनी त्याला दुसरा लिहिला आणि एकाने तिसरा. जॅक्सनचे २३० वजा केले की १३२ उरतात, मतपत्रिका २७. म्हणजे २६ जणांनी दुसरा लिहिला आणि एका गृहस्थांनी (की बाईंनी) थेट चौथा. मी हा हिशेब दोनदा करून पाहिला. तो चौथा क्रमांक लिहिणारं माणूस कोण असेल, या विचारात त्या दिवशीचा चहा गार झाला.

खरी गंमत पुढे आहे. याच पन्नास जणांनी ऑल-प्रो संघाचा क्वार्टरबॅक म्हणून निवडला तो जॅक्सन, आणि तोही ३० मतांनी. अ‍ॅलनला तिथे १८ मतं पडली. म्हणजे निदान सात जणांनी एकाच बैठकीत असं म्हटलं, की सर्वांत चांगला क्वार्टरबॅक जॅक्सन, पण सर्वांत मोलाचा खेळाडू अ‍ॅलन. आणि अ‍ॅलनही क्वार्टरबॅकच. वरवर पाहता हा शुद्ध गोंधळ वाटतो. मला तो वाटत नाही. दोन प्रश्न वेगळे होते, आणि त्या सात जणांनी ते वेगळे आहेत हे ध्यानात घेतलं, इतकंच.

आपल्याकडे अशा किताबाला ‘मालिकावीर’ म्हणायची सवय आहे. वीर म्हटलं की पराक्रम मोजायचा. ‘मोलाचा’ म्हटलं की प्रश्न बदलतो : हा खांब काढून घेतला, तर घर किती खचेल? पराक्रमाच्या तराजूत जॅक्सनचं पारडं उघडच जड होतं. ४,१७२ यार्डांचे पास, ४१ टचडाउन पास आणि अख्ख्या हंगामात फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला तो फक्त चार वेळा. वर स्वतः पळून काढलेले ९१५ यार्ड. एकाच हंगामात ४,००० यार्ड फेकून ९०० यार्ड पळणारा माणूस या लीगने त्याआधी पाहिला नव्हता. अ‍ॅलनचे आकडे त्यापुढे साधे दिसतात : ३,७३१ यार्ड, २८ टचडाउन पास, आणि स्वतः पळून केलेले १२.

मग २७ जण त्याच्याकडे का वळले? एक कारण, सोबतीला कोण होतं. जॅक्सनच्या पाठीशी त्या वर्षी डेरिक हेन्री नावाचा बुलडोझर आला होता. त्याने एकट्याने १,९२१ यार्ड तुडवले. उलट बफेलोने हंगामाआधी आपला सर्वांत नावाजलेला रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज ह्यूस्टनला देऊन टाकला होता. यंदा बिल्स घसरणार, असं बरेच जण धरून चालले होते, आणि ते १७पैकी १३ सामने जिंकले. दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही. जॅक्सनला हा किताब २०१९ आणि २०२३ असा दोनदा मिळालेला होता, आणि २०२३ला तर ५०पैकी ४९ मतांनी. तेच नाव तिसऱ्यांदा लिहिताना हात जरा अडखळतोच. नियमात हे बसत नाही, पण हाताला नियम कोण शिकवणार?

या ‘मोलाचा’ शब्दाचा सर्वांत कडू घोट सिनसिनाटीच्या जो बरोने प्यायला. ४,९१८ यार्ड, ४३ टचडाउन पास. दोन्हींत लीगमध्ये पहिला. पण त्याचा संघ ९ जिंकला, ८ हरला आणि बाद फेरीला मुकला. बरो चौथा आला. घर पडलंच, मग खांब किती मजबूत होता हे विचारायला कुणी थांबत नाही.

मतदान बाद फेरीच्या निकालांआधी होतं, याचाही एक चटका असतो. १९ जानेवारी २०२५ला बफेलोच्या थंडीत हेच दोन क्वार्टरबॅक समोरासमोर आले. जेमतेम दीड मिनिट उरलं असताना जॅक्सनने संघाला टचडाउनपर्यंत नेलं. बरोबरीसाठी दोन जादा गुण हवे होते. त्याचा पास मार्क अँड्र्यूजच्या हातात आला आणि निसटला. बफेलो २७-२५ने जिंकलं. तोवर मतं देऊन झाली होती. ६ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्समध्ये अ‍ॅलनचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा अनेक प्रेक्षकांना वाटलं, की बफेलोतल्या त्या सामन्यानेच निकाल ठरवला. तसं नव्हतं.

माणसांच्या मतांचा भरवसा नसेल तर आकड्यांकडे जावं, असं वाटणं साहजिक आहे. क्वार्टरबॅकसाठी एक जुना आकडा आहे, पासर रेटिंग. १९७३मध्ये हॉल ऑफ फेममधल्या डॉन स्मिथ यांनी तो बसवला. पूर्ण झालेले पास, दर पासमागे यार्ड, टचडाउनचं प्रमाण, इंटरसेप्शनचं प्रमाण. या चौघांना प्रत्येकी जास्तीत जास्त २.३७५ गुण, बेरजेला ६ने भागायचं आणि १००ने गुणायचं. त्यामुळे या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क म्हणजे १५८.३! शंभर नाही, दोनशेही नाही. आमच्या शाळेतल्या तोंडी परीक्षेच्या गुणांतही यापेक्षा जास्त तर्क असायचा. शिवाय सरासरी खेळाडूला ६६.७ मिळावेत, अशा बेताने हे सूत्र त्या काळच्या खेळावर बेतलेलं होतं. नंतर नियम बदलत गेले, पास फेकणं सोपं झालं, आणि आज साधारण क्वार्टरबॅकही नव्वदीच्या घरात असतो. १९६९ची सुपर बोल जिंकून देणारा जो नेमथ सबंध कारकिर्दीत ६५.५वर आहे. त्याला आजच्या पट्टीने मोजायचं म्हणजे आजोबांचा पगार आजच्या भाजीच्या भावाशी ताडून पाहण्यासारखं आहे. २०२४ला या यादीत जॅक्सन पहिला होता, ११९.६, अ‍ॅलन १०१.४. पण पळून मिळवलेला एकही यार्ड या सूत्रात धरत नाहीत, आणि या दोघांचं अर्धं सामर्थ्य तर पायांत आहे.

त्यापेक्षा शहाणी मोजणी अलीकडे रुळली आहे. चार संधींत दहा यार्ड, हे गणित आपण दुसऱ्या भागात पाहिलं. तिसऱ्या संधीला बारा यार्ड हवे असताना कुणी दहा काढले, तर पाटीवर दहा चढतात, पण संघाला बहुधा चेंडू सोडून द्यावा लागतो. आणि एक हवा असताना दोन काढले, तर पाटीवर दोनच, पण डाव जिवंत राहतो. म्हणून आता प्रत्येक डावपेचाआधी आणि नंतर संघाला किती गुणांची आशा होती, ते मांडून फरक पाहतात. ही मोजणी मला पटते. पण तो फरक कुणाच्या नावावर टाकायचा, हे तिलाही सांगता येत नाही.

इथेच आपलं तिसरं उत्तर येतं. फिलाडेल्फिया ईगल्सचा सेक्वॉन बार्कली २०२४मध्ये चेंडू घेऊन २,००५ यार्ड पळाला. मीटरमध्ये १,८३३. चार महिन्यांत दोन किलोमीटरही नाही. सकाळी फिरायला जाणारे काका नाश्त्याआधी इतकं चालतात. फक्त काकांच्या वाटेत सव्वाशे-दीडशे किलोची माणसं आडवी पडत नाहीत. दोन हजारांचा टप्पा गाठणारा तो लीगच्या इतिहासातला नववा. नोव्हेंबरमध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध त्याने गिरकी घेतली, पुढच्या माणसाकडे पाठ झाली, आणि तसाच उलट्या तोंडी त्याच्यावरून उडी मारून गेला. हे वाचून विश्वास बसणार नाही. दृश्य जरूर शोधून पाहा.

एरिक डिकरसनचा १९८४चा २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला बार्कलीला १०१ यार्ड हवे होते, आणि एक सामना शिल्लक होता; तोही त्याला सोडून देणाऱ्या न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध. प्रशिक्षक निक सिरियानींनी त्याला बसवून ठेवलं. संघाचं बाद फेरीतलं स्थान पक्कं झालं होतं, दुखापतीचा धोका कशाला घ्या? पाच आठवड्यांनी ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ने हरवून सुपर बोल जिंकली, त्यामुळे तो निर्णय आता शहाणपणाचा ठरतो. ते हरले असते तर फिलाडेल्फियाने सिरियानींना सोडलं नसतं. ते शहर तसं आहे.

पत्रकारांनी बार्कलीला एमव्हीपीच्या यादीत तिसरा ठेवला. त्याला आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू हा वेगळा किताब दिला, पण मोठा नाही. २०१२मध्ये एड्रियन पीटरसनला एमव्हीपी मिळाल्यानंतर २०२४पर्यंत तो क्वार्टरबॅकशिवाय कुणालाच मिळाला नाही. बचाव करणाऱ्यांत आजवर दोघेच : १९७१ला अ‍ॅलन पेज आणि १९८६ला लॉरेन्स टेलर. रिसीव्हर एकही नाही. १९८७मध्ये १२ सामन्यांत २२ टचडाउन पास झेलणारा जेरी राइससुद्धा नाही. मात्र १९८२च्या संपाने कापलेल्या नऊ सामन्यांच्या हंगामात मार्क मोझली या किकरला तो मिळाला, म्हणजे जो मैदानात अधूनमधून येतो, चेंडूला लाथ मारतो आणि परत जाऊन बसतो, त्याला! याचा राग राइसच्या चाहत्यांनी अजून गिळलेला नाही.

खेळाडूंची स्वतःची यादी वेगळी असते. २०११पासून लीगमधले खेळाडूच एकमेकांना मतं देऊन शंभर जणांची क्रमवारी लावतात. २०२५च्या उन्हाळ्यात, म्हणजे या हंगामाच्या हिशेबाने, त्यांनी पहिला ठेवला बार्कलीला. या याद्यांमधला हा फरक मला फार बोलका वाटतो. याच मतांनी २०१५ला जे. जे. वॉट आणि २०१९ला अ‍ॅरन डोनाल्ड हे बचावपटू पहिले आले होते. गॅलरीतून पाहणाऱ्याला चेंडू कुणाच्या हातात आहे ते दिसतं. मैदानात असणाऱ्याला कुणाच्या अंगावर जायची भीती वाटते, ते कळतं.

तरीही बार्कलीचे २,००५ यार्ड सगळे त्याचेच का? आदल्या वर्षी, २०२३ला, हाच माणूस जायंट्ससाठी दर धावेला ३.९ यार्ड काढत होता. ईगल्सकडे आला आणि ५.८ झाले. पाय तेच होते; पुढची भिंत बदलली. चेंडू सुटताच समोरच्यांना रेटून वाट फोडणाऱ्या पाच जणांच्या या फळीला ना यार्ड मिळतात, ना टचडाउन. कबड्डीत पकड करणाऱ्याचं नाव पुकारतात, पण त्याच्या हाताला हात धरून साखळी राखणाऱ्याचं कुणी घेत नाही, तसंच. या फळीतल्या कुणालाही आजवर एमव्हीपी मिळालेला नाही. त्यांचं काम मोजायचं तर एकच उपाय : प्रत्येक डावपेचाचं चित्रण मागे-पुढे करून प्रत्येक माणसाला उणे दोन ते अधिक दोन असे गुण द्यायचे. प्रो फुटबॉल फोकस ही संस्था हेच करते, आणि ती सुरू केली नील हॉर्न्सबी या इंग्रज माणसाने, इंग्लंडात बसून. अमेरिकनांना पडद्यामागचे मजूर दाखवायला परदेशी डोळा लागला.

योगायोग असा, की ईगल्सच्या त्या भिंतीचा डाव्या टोकाचा चिराही परदेशीच होता. सिडनीत रग्बी लीग खेळणारा जॉर्डन मेलाटा, उंची सहा फूट आठ इंच, वजन १६५ किलोच्या आसपास. २०१८मध्ये ईगल्सनी त्याला शेवटच्या फेरीत निवडलं, तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याच्यापासून सुरुवात करू : डाव्या टोकाच्या त्या एका जागेसाठी संघ एवढे पैसे का मोजतात?